क्रीडा संकुलाचा खर्च आणि आपली घरपट्टी: हिशेब कसा मागावा, कसा वाचावा

तालुक्याच्या गावात क्रीडा संकुल मंजूर झाले की चौकातल्या फलकावर एकच आकडा झळकतो, तो बांधकामासाठी मिळालेल्या निधीचा. त्या वास्तूला दर वर्षी किती वीज, किती पाणी, किती चौकीदार आणि किती दुरुस्ती लागणार हा दुसरा आकडा फलकावर कधीच नसतो, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे बहुतेक वेळा तो फाइलमध्येही नसतो. बांधकामाचा पैसा शासनाकडून येत असला तरी हा दुसरा खर्च जिथे नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अंगावर पडतो तिथे तो आपल्या घरपट्टीतून जातो. जिथे तो कोणीच उचलत नाही तिथे दोन-चार पावसाळ्यांत मैदानावर गाजरगवत माजते आणि फाटकाला कुलूप लागते. हा दुसरा आकडा कसा शोधावा, कोणाकडे मागावा आणि काम सुरू होण्यापूर्वीच तो कागदावर कसा आणावा, हे येथे सांगतो आहे.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. मुलांना चांगले मैदान मिळावे म्हणून मी आयुष्यभर अर्ज लिहिले, त्यामुळे मैदानावरच्या खर्चाला माझा विरोध असण्याचे कारणच नाही. परंतु आमच्या शाळेच्या खो-खोच्या मुली जिल्हा स्पर्धेआधी एका जिनिंगच्या रिकाम्या आवारात सरकीचा कचरा झाडून सराव करत होत्या, आणि त्याच वेळी गावाबाहेर दीड किलोमीटरवर प्रेक्षक गॅलरी असलेले संकुल कुलूपबंद होते. त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे याचा शोध घेता घेता मी जे कागद वाचायला शिकलो, तेच आता इतरांना उपयोगी पडतील असे वाटते.

आधी मालक कोण ते ठरवा

हिशेब मागायला निघालेल्या माणसाची सर्वांत जास्त पायपीट चुकीच्या कार्यालयात होते. नगरपालिकेत गेले की ‘हे आमचे नाही, क्रीडा खात्याचे आहे’ असे उत्तर मिळते, क्रीडा कार्यालयात गेले की बांधकाम विभागाकडे बोट दाखवले जाते. म्हणून पहिल्या दिवशी फक्त एवढेच करावे: ज्या जागेवर मैदान आहे त्या जागेचा सातबारा किंवा शहरात मालमत्ता पत्रक काढावे, आणि शहर विकास आराखड्यात त्या जागेवर ‘खेळाचे मैदान’ असे आरक्षण आहे का ते पाहावे.

राज्याच्या योजनेतली संकुले विभाग, जिल्हा आणि तालुका अशा पातळ्यांवर असतात, त्यांचा कारभार त्या त्या संकुल समितीकडे असतो आणि कागदपत्रे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात सापडतात. या योजनेत तालुका संकुलासाठी पूर्वी १ कोटी, जिल्हा संकुलासाठी ८ कोटी आणि विभागीय संकुलासाठी २४ कोटी रुपयांची मर्यादा होती. २०२२ साली ती अनुक्रमे ५ कोटी, २५ कोटी आणि ५० कोटी करण्यात आली. जळगाव जिल्ह्यात पंधरा, धुळ्यात चार आणि नंदुरबारात सहा तालुके आहेत, म्हणजे केवळ तालुका पातळीवर खानदेशात पंचवीस संकुलांचा प्रश्न आहे. याखेरीज पालिकेने स्वतः बांधलेली मैदाने वेगळी, जिल्हा परिषद शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे मैदान वेगळे, आणि खाजगी अनुदानित संस्थेचे मैदान वेगळे. प्रत्येकाचा पैसा, लेखापरीक्षण आणि जबाबदार अधिकारी निराळा असतो.

आरक्षणाचा मुद्दा किरकोळ समजू नये. मैदानाभोवती दुकानगाळे काढून त्यांच्या भाड्यातून देखभाल करायची ही कल्पना वाईट नाही, परंतु गाळे वाढत गेले आणि धावपट्टी आखडत गेली असेही घडते. आरक्षणाच्या वापरात फेरबदल करायचा असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते, म्हणून गावातल्या एका तरी माणसाने त्या पानाकडे लक्ष ठेवलेले बरे.

‘शासनाचा पैसा आहे, आपले काय जाते?’

हे वाक्य पारावर हमखास ऐकू येते, आणि त्याला शांतपणे उत्तर देता आले पाहिजे. आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी आणि खासदारांनाही ५ कोटी रुपये मिळतात. त्यातून प्रेक्षक गॅलरी बांधली तर तेवढ्याच रकमेची शाळाखोली, संरक्षक भिंत किंवा गटार त्या वर्षी होत नाही. जिल्हा वार्षिक योजनेचेही तसेच आहे. तिथे व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास यांसाठी अनुदानाच्या योजना आहेत, पण एकूण रक्कम ठरलेली असते आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती ती वाटते.

शिवाय कित्येक योजनांत पालिकेला स्वहिस्सा भरावा लागतो. तो भरण्यासाठी कर्ज काढले तर त्याचा हप्ता पुढच्या अनेक वर्षांच्या अर्थसंकल्पात बसतो. जळगावकरांना हे वेगळे सांगायला नको, कारण पालिकेने घरकुले आणि इतर योजनांसाठी हुडको या केंद्र सरकारच्या कर्ज देणाऱ्या संस्थेकडून काढलेल्या कर्जाचे ओझे त्या शहराने वर्षानुवर्षे वाहिले आहे. म्हणून निधीची चौकशी करताना तीन रकमा वेगवेगळ्या विचाराव्यात: शासनाचे अनुदान किती, स्थानिक संस्थेचा स्वहिस्सा किती, आणि तो स्वहिस्सा कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून, भरला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला जरा कष्ट पडतात, पण घरपट्टीशी थेट नाते त्याच उत्तराचे असते.

घरपट्टीचे बिल समोर ठेवून बसा

मार्च महिन्यात वसुलीचे पथक दारात आले की आपण बिलाचा शेवटचा आकडा पाहतो आणि पैसे भरतो. त्याऐवजी एकदा ते बिल ओळीने वाचावे. मालमत्ता कर हा घराच्या करयोग्य मूल्यावर ठरावीक टक्क्यांनी आकारलेला असतो. त्याखाली पाणीपट्टी, अग्निशमन, स्वच्छता, वृक्ष कर आणि शिक्षण कर अशा ओळी असतात, आणि मागील थकबाकी असेल तर तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढलेली असते.

यातली शिक्षण कराची ओळ नीट समजून घ्यावी. ‘आम्ही शिक्षण कर भरतो, त्यातून पोरांचे मैदान होते’ असे पुष्कळांना वाटते. राज्य शासनाचा शिक्षण कर हा १९६२ च्या कायद्याने बसवलेला असून पालिका तो गोळा करून शासनाकडे भरते, म्हणजे त्यातून तुमच्या गावचे मैदान झाडले जात नाही. वृक्ष कर हा झाडांसाठीच असतो. तेव्हा मैदानाच्या देखभालीला उरतो तो सर्वसाधारण मालमत्ता कर, गाळेभाडे आणि काही बंधनमुक्त अनुदान. आणि याच पैशातून दिवाबत्ती, गटारे व कर्मचाऱ्यांचे पगारही भागवायचे असतात. जकात गेल्यापासून पालिकांच्या हातात स्वतःचे असे मोठे उत्पन्न घरपट्टी-पाणीपट्टीपलीकडे फारसे राहिलेले नाही.

दर चार वर्षांनी कराची फेरआकारणी होते. त्या वेळी प्रत्येक मालमत्ताधारकाला नोटीस येते आणि तीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घेता येते. हरकत घेताना ‘कर जास्त आहे’ एवढेच लिहिले तर सुनावणी दोन मिनिटांत संपते. आपल्या घराचे प्रत्यक्ष मोजमाप, बांधकामाचा प्रकार आणि वापर चुकीचा नोंदला असेल तर ते आधी मांडावे, कारण बदल होण्याची शक्यता तिथेच असते. खर्चाविषयीचा आक्षेप या सुनावणीत चालत नाही, त्याची जागा अर्थसंकल्प ही आहे. ग्रामपंचायत हद्दीत राहणाऱ्यांनी नमुना ८ चा उतारा घ्यावा, त्यात आपल्या घराची आकारणी कशी झाली ते दिसते.

टेक्सासमधल्या मतपत्रिकेवरून काय घ्यावे

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेल्या स्टेडियमांचा वाद आपल्यालाही काही शिकवतो. तिथल्या ॲलन या शहरात मतदारांनी २००९ साली शाळा जिल्ह्याच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, ११.९ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि त्यातून सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून १८,००० आसनांचे स्टेडियम २०१२ साली उभे राहिले. केवळ एका हायस्कूलसाठी. दीड वर्षात काँक्रीटला भेगा पडल्याने २०१४ च्या फेब्रुवारीत ते बंद करावे लागले, आणि दुरुस्तीनंतर २०१५ मध्ये पुन्हा उघडले.

तिथे शाळेच्या मालमत्ता कराचे दोन भाग असतात: एक रोजच्या कारभारासाठी आणि दुसरा कर्ज फेडण्यासाठी. इमारतींच्या कर्जासाठी बसवलेल्या दुसऱ्या भागातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत, त्यामुळे ‘हा पैसा पगाराला वापरताच आला नसता’ असे स्टेडियमचे समर्थक सांगतात, तर घरमालक म्हणतात की खिसा मात्र एकच आहे. २०१९ च्या कायद्याने तिथे दोन सुधारणा झाल्या. मोठ्या स्टेडियमचा प्रस्ताव वर्गखोल्यांच्या प्रस्तावात मिसळून न मांडता मतपत्रिकेवर स्वतंत्रपणे मांडावा लागतो, आणि ‘ही मालमत्ता करातील वाढ आहे’ असे वाक्य मतपत्रिकेवरच छापावे लागते.

आपल्याकडे अशा खर्चावर मतदान होत नाही. परंतु हे दोन्ही नियम मला मोलाचे वाटतात, कारण मागणी म्हणून ते इथेही करता येतात: क्रीडांगणाचा ठराव रस्ते-गटारांच्या ठरावात न गुंडाळता वेगळा घ्यावा, आणि त्याच ठरावात वार्षिक देखभालीचा बोजा कोणत्या करातून भागवणार ते लिहावे. नगरसेवकाकडे ही मागणी लेखी केली की निदान ती वाचली गेल्याची पोच मिळते.

कागदांची साखळी

कोणत्याही सरकारी बांधकामाला कागदांची एक ठरलेली साखळी असते. आधी अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तक, धावती देयके, पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. नागरिकाच्या दृष्टीने यातल्या दोन कड्या सर्वांत महत्त्वाच्या आहेत, प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम आणि त्याचा खर्च यांना मिळालेला सरकारी होकार, आणि मोजमाप पुस्तक, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापे नोंदवलेले पुस्तक. प्रशासकीय मान्यतेच्या आधी बोललात तर आराखडा बदलू शकतो; कार्यादेश निघाल्यावर बोललात तर तुम्हाला विकासाचा विरोधक ठरवले जाते आणि काम आहे तसेच होते.

अंदाजपत्रक वाचताना एकूण रकमेवर थांबू नये. सरकारी बांधकाम कंत्राटावर जुलै २०२२ पासून १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे एक कोटीच्या कामात अठरा लाख रुपये कराचेच वाढतात, आणि पाच कोटींच्या मंजुरीत प्रत्यक्ष काम त्यामानाने कमी बसते. मग त्या कामात प्रवेशद्वार, कमान, गॅलरी आणि कार्यालय यांवर किती आणि प्रत्यक्ष खेळण्याच्या जागेवर किती, असे दोन रकाने स्वतः काढावेत. मी पाहिलेल्या एका अंदाजपत्रकात मैदानाच्या पाणीनिचऱ्याची एकही बाब नव्हती, कमानीच्या दगडी नक्षीला मात्र दोन बाबी होत्या. तो कागद पाहिल्यावर त्या मैदानात ऑगस्टमध्ये डबके का साचते हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

हे कागद मिळवायचे दोन मार्ग आहेत. जिल्हा पातळीवरील व त्याखालील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य शासनाचा नोव्हेंबर २०१८ चा आदेश आहे. पुष्कळ ठिकाणी तो माहीतच नसतो, म्हणून आदेशाची प्रत खिशात ठेवावी, आवाज न चढवता ती टेबलावर ठेवावी आणि फाइल मागावी. फाइल एकदा डोळ्यांखालून घातली की नेमक्या कोणत्या पानाची प्रत हवी ते कळते.

दुसरा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज ‘जोडपत्र अ’ या ठरलेल्या नमुन्यात, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. विषय मोघम ठेवला तर उत्तरही मोघम येते. माझ्या अर्जाचा मजकूर साधारण असा होता: ‘तालुका क्रीडा संकुल, या कामाची प्रशासकीय मान्यता, मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकातील सर्व नोंदी आणि अंतिम देयक यांच्या प्रमाणित प्रती, तसेच काम पूर्ण झाल्यापासून आजपर्यंत देखभालीवर झालेल्या वर्षवार खर्चाचा तपशील मिळावा.’ यात ‘का’ असा प्रश्न कुठेही नाही, आणि तो नसावाच, कारण अस्तित्वात असलेली माहिती मागता येते, स्पष्टीकरण मागता येत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या तीस दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील करावे. त्यानेही भागले नाही तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते, आणि खानदेशासाठी आयोगाचे खंडपीठ नाशिकला आहे. पोचपावतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

दुसरा आकडा स्वतः मांडून पाहा

देखभालीचा हिशेब मांडायला अभियंता लागत नाही. पुढील दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत, तिथे आपल्या गावचे दर घालावेत.

तीन पाळ्यांत तीन चौकीदार, प्रत्येकी दरमहा १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख ३२ हजार. झाडलोट आणि स्वच्छतागृहांसाठी दोन माणसे, प्रत्येकी १०,००० रुपये, म्हणजे २ लाख ४० हजार. दिव्यांचा एकूण भार ४० किलोवॅट असेल आणि ते महिन्याला पंचवीस दिवस, रोज तीन तास लावले तर वर्षाला ३६,००० युनिट होतात. १० रुपये दराने ३ लाख ६० हजार. पाच कोटींच्या बांधकामाची दुरुस्ती खर्चाच्या केवळ १ टक्का धरली तरी ५ लाख. एकूण झाले १५ लाख ३२ हजार. गावात १२,००० मालमत्ता असतील तर प्रत्येकीवर वर्षाला सुमारे १२८ रुपये पडतात. परंतु त्यांतल्या साठ टक्केच नियमित कर भरत असतील तर हा भार नियमित भरणाऱ्यांवर येतो आणि तो २१३ रुपये होतो. यातून गाळेभाडे, व्यायामशाळेचे शुल्क, मैदानाचे भाडे अशी प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम वजा करावी. मंजूर झालेली पण वसूल न झालेली रक्कम वजा करू नये.

वर्षाला दीड-दोनशे रुपयांत गावातल्या प्रत्येक मुलाला सकाळ-संध्याकाळ खेळायला मिळत असेल तर मी ते आनंदाने भरीन, आणि बहुतेक लोक भरतील असे मला वाटते. अडचण आहे ती पैसे वसूल होऊन मैदान बंद राहण्याची, किंवा हा आकडा कोणी मांडलाच नसल्याने तरतूदच नसण्याची.

पाण्याचा हिशेब यात धरलेला नाही, तो वेगळा मांडावा, कारण आपल्याकडे तो पैशापेक्षा अवघड आहे. फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद धरले तर क्षेत्र ७,१४० चौरस मीटर होते. हिरवळ टिकवण्यासाठी रोज फक्त ५ मिलिमीटर पाणी दिले तरी ३५,७०० लिटर लागतात. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या मापाने हे साडेसहाशे माणसांचे पाणी झाले. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा ५ मिलिमीटर पुरतही नाही, आणि त्याच दिवसांत आपल्या नळांना किती दिवसांआड पाणी येते ते ज्याचे त्याला माहीत आहे. म्हणून हिरवळीचा आणि जलतरण तलावाचा प्रस्ताव आला की पहिला प्रश्न पाणी कुठून येणार हा विचारावा. कबड्डी, खो-खो आणि कुस्ती हे आपल्या मातीतले खेळ आहेत, त्यांना चांगली चाळलेली माती, सावली आणि रोजची झाडलोट पुरते. तालुक्याच्या पैशातून आधी हे व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालिकेच्या अर्थसंकल्पात हा दुसरा आकडा महसुली खर्चाच्या बाजूला शोधावा, बांधकाम भांडवली बाजूला असते. तिथे मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. पुढील वर्षाच्या रकान्यात पाच लाख आणि मागील वर्षाच्या प्रत्यक्ष रकान्यात शून्य दिसले तर ती तरतूद फक्त कागदावर आहे हे ओळखावे.

काळी जमीन आणि मोजपट्टी

तापीच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन कापसाला आणि केळीला उत्तम, पण बांधकामाला अवघड. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर पुरेशी खोदाई आणि मुरूम भराई न करता धावपट्टी किंवा बास्केटबॉलचे काँक्रीट घातले तर ते दोन-तीन वर्षांत उकलते. त्यामुळे मातीपरीक्षणाचा अहवाल आणि भराईची जाडी या दोन गोष्टी अंदाजपत्रकात आहेत का, आणि मोजमाप पुस्तकात त्या प्रत्यक्ष झालेल्या दाखवल्या आहेत का, हे पाहणे खानदेशात विशेष गरजेचे आहे.

आमच्या संकुलाच्या मोजमाप पुस्तकात मैदानावर ६० सेंटिमीटर दाबलेला मुरूम अशी नोंद होती. मी आणि माझे दोन माजी विद्यार्थी सकाळी तिथे गेलो तेव्हा पाइप टाकण्यासाठी पूर्वेच्या कडेला एक चर आधीच खणलेला होता. एका मुलाने चरात उतरून मोजपट्टी धरली. वरचा पिवळसर मुरूम २२ सेंटिमीटर भरला, आणि त्याखाली सरळ काळी माती होती, इतकी स्वच्छ रेघ की वेगळे दाखवायची गरज नव्हती. आम्ही मोजपट्टीसह छायाचित्र काढले, चार ठिकाणी मोजून मापे वहीत तारखेसह लिहिली आणि तिघांनी सह्या केल्या. स्वतः खणण्याचा मोह टाळावा, तो सरकारी मालमत्तेच्या नुकसानीचा आरोप ओढवून घेण्यासारखा आहे. माहिती अधिकार कायद्यात कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश आहे, तेव्हा अर्ज करून अधिकाऱ्यांच्या समक्ष मोजणी मागावी. कार्यादेशात दोष दायित्व कालावधी दिलेला असतो. त्या मुदतीत दोष लेखी कळवला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हावी लागते, मुदत उलटली की तोच खर्च आपल्यावर येतो. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

कुठे बोलावे

गावात राहणाऱ्यांकडे ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्याच लागतात, आणि गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. विषय आयत्या वेळी न मांडता आधी लेखी द्यावा, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो, आणि इतिवृत्तात आपला प्रश्न शब्दशः लिहिला गेला का ते सभा उठण्यापूर्वी वाचून घ्यावे. नंदुरबारमधल्या धडगाव, अक्कलकुव्यासारख्या अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रात तिथल्या पंचायतींसाठी केलेल्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिक बळ दिले आहे: पंचायतीने योजनांवर केलेल्या खर्चाच्या उपयोगितेचा दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागतो. मैदान न पाहता त्या कागदावर अंगठा देऊ नये.

नगरपालिकेत ग्रामसभेसारखी सोय व्यवहारात नाही. तिथे सर्वसाधारण सभेत प्रेक्षक म्हणून बसता येते, पण बोलता येत नाही, म्हणून प्रश्न नगरसेवकामार्फत जावा लागतो. अर्थसंकल्पाच्या सभेपूर्वी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच, मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्यावे. मार्चमध्ये दिलेल्या पत्राला ‘पुढील वर्षी विचार करू’ हेच उत्तर येते. संकुल समितीच्या ताब्यातल्या मैदानासाठी पत्र जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना द्यावे आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे जाताना दहा तक्रारी नेण्यापेक्षा एकच, पुराव्यासह न्यावी.

एकट्याने जाऊ नये. एक पालक, एक खेळाडू आणि हिशेब समजणारा एक माणूस असे तिघे असावेत, आणि बोलण्यात कोणाचेही नाव घेऊन आरोप करू नये. पान क्रमांक, माप आणि तारीख एवढेच बोलावे. गावात उद्या पुन्हा त्याच माणसांशी राम राम करायचा असतो, आणि मैदान उघडून घ्यायला शेवटी त्यांचीच मदत लागते.

आमच्या पत्रात मागण्या तीनच होत्या: मुरूम भराईची समक्ष मोजणी, देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद आणि फाटकावर वेळापत्रकाची पाटी. मोजणीला चौदा महिने लागले आणि ठेकेदाराने दोन कडांना भराई पुन्हा करून दिली, मधल्या भागाचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. पाटी मात्र लवकर लागली, सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि सायंकाळी पाच ते आठ. पुढच्या वर्षीचा अर्थसंकल्प हातात आला तेव्हा मी आधी महसुली खर्चाचे पान काढले. ‘क्रीडांगण देखभाल’ या ओळीत मागील वर्षाच्या प्रत्यक्ष रकान्यात पहिल्यांदाच शून्याऐवजी रक्कम होती, आणि त्याच संध्याकाळी खो-खोच्या मुली खांब पुरायला जागा मोजत होत्या.